लॉबीतल्या पट्ट्याचा इतिहास

स्मरणिकेसाठी ‘सोसायटीचा इतिहास’ लिहून द्या, असं समितीने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. नोंदणी कधी झाली, पहिली कमिटी कोणती, बोअरवेलला पाणी कितव्या फुटावर लागलं, लिफ्ट कधी बदलली, हे सगळं अध्यक्षांच्या मनोगतात आणि सेक्रेटरींच्या अहवालात येणारच आहे. तेच मी तिसऱ्यांदा कशाला लिहू? मी म्हटलं, लिहीन तर लॉबीतल्या पट्ट्याबद्दल लिहीन. समितीतली तरुण मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. पट्टा? कुठला पट्टा?

त्यांचंही बरोबर आहे. रोज जिन्याने चढणाऱ्याला भिंत दिसत नाही. गेटमधून आत आल्यावर डाव्या हाताला जी लांब भिंत आहे, नोटीस बोर्डाची, तिच्याकडे जरा तिरक्या नजरेने बघा. जमिनीपासून साधारण चार फुटांवर एक आडवी रेघ दिसेल. रेघेच्या वरचा रंग क्रीम, खालचाही क्रीम, पण दोन्ही क्रीम एक नाहीत. ही रेघ म्हणजे २६ जुलै २००५ ची पाण्याची पातळी. आणि ती अजून दिसते याला कारण आम्ही, म्हणजे तेव्हाची कमिटी. त्यात खजिनदार म्हणून मी होते.

त्या दिवसाबद्दल जुन्या सभासदांना सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आपल्या कल्याणात उल्हास आणि वालधुनी दोन्ही फुगल्या. तळमजल्याच्या दोन्ही बिऱ्हाडांनी ती रात्र दुसऱ्या मजल्यावर काढली, गॅस सिलिंडर जिन्यात बांधून ठेवले होते. पाणी ओसरल्यावर लॉबीत वीतभर चिखल. तो काढला, फिनेलने तीन-तीनदा धुतलं, पण भिंतीचं प्लास्टर खालून फुगलं होतं, टिचकी मारली की बद्द आवाज यायचा. ते चार फुटांपर्यंत खरवडून नवीन करावं लागलं. मीटर बॉक्स पाण्यात गेला होता, त्यामुळे वायरिंग पूर्ण होईपर्यंत लॉबीत वायरला शंभरचे दोन पिवळे बल्ब लोंबत होते. हे बल्ब लक्षात ठेवा, पुढे लागतील.

रंगाचं काम आलं ते दिवाळीच्या तोंडावर. फंडात पैसे नव्हते. पंप, मीटर, प्लास्टर यातच सगळे गेले होते. मग मीच सुचवलं, की वरचा रंग चांगला आहे, सोसायटी होऊन चारच वर्षं झाली आहेत, फक्त खालचे चार फूट त्याच रंगात जुळवून घेऊ. पेंटर आला, त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “ताई, अख्खी भिंत करा. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. अर्धी भिंत जुळत नसते.” आम्हाला वाटलं, काम वाढवतोय. ठेकेदार माणूस, तो असंच म्हणणार.

मग तो म्हणाला, निदान रंग मला हाताने लावू द्या, डिस्टेंपर आणि स्टेनर आणतो. त्यालाही आम्ही नकार दिला. कारण तेव्हा नुकतीच दुकानादुकानातून रंग मिसळायची मशीन आली होती. भिंतीचा पोपडा नेऊन द्यायचा, मशीन तो वाचतं आणि तोच रंग डब्यात पडतो, असं ऐकलं होतं. आमचे तेव्हाचे सेक्रेटरी इंजिनीअर. त्यांनी ब्लेडने रुपयाच्या नाण्याएवढा पोपडा सुटा केला, कागदाच्या पुडीत बांधला आणि आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने बटण दाबलं, डबा हलवला, झाकणावर थेंब लावून वाळवला आणि दुकानाच्या दारात उजेडात आणून पोपड्याशेजारी धरला. अगदी तंतोतंत. मला तर कौतुकच वाटलं.

काम झालं. दुपारी मी खाली येऊन बघितलं, ठीक वाटलं. संध्याकाळी सात वाजता लॉबीतच मीटिंग होती. सगळे जमले, पिवळे बल्ब लागले आणि भिंतीवर पट्टा उठून दिसला. खालचा भाग गुलाबीसर, वरचा हिरवट. कुणीतरी म्हणालं, “याने स्वस्तातला माल मारलाय, डब्यात दुसरंच काहीतरी मिसळलंय.” मग काय, सगळेच बोलायला लागले. पेंटरला बोलावलं. तो एकच सांगत होता, “दुपारी बघा ना ताई. दुपारी बघा.” त्याच्या त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. मला वाटलं, तो वेळ मारून नेतोय. त्याच सभेत ठराव झाला की, पट्टा दुरुस्त करून देईपर्यंत त्याचे शेवटचे १,८०० रुपये थांबवावेत. चेकबुक माझ्याकडे होतं.

आता या पट्ट्याचा खरा इतिहास इथे कल्याणात सुरू होत नाही, तो फार मागे जातो. मला तो कळायला आठ वर्षं लागली.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दरवर्षी गणपतीच्या आधी वडील खोलीला चुना द्यायचे. कळीचा चुना आणून पत्र्याच्या पिंपात विझवायचा. पाणी ओतलं की तो रटरटा उकळायचा आणि आम्हा मुलांना लांब उभं करायचे. रात्रभर मुरल्यावर फडक्यातून गाळायचा, थोडी खळ घालायची, नाहीतर भिंतीला टेकलं की पाठ पांढरी. आणि शेवटी निळीची पुडी. पांढऱ्यावर किंचित निळी झाक आली की पांढरं जास्त पांढरं दिसतं, हे कपड्यांवरून आईला माहीत होतं आणि भिंतीवरून वडिलांना. कुणाला रंग हवा असेल तर तो पिवळी माती घालायचा, कुणी गेरू. एवढेच रंग. चुना ओला असताना भिंतीवर दिसतसुद्धा नाही, पाणीच फासल्यासारखं वाटतं. वाळता वाळता पांढरा होत जातो. त्यामुळे ‘बघून जुळवणं’ हा प्रकारच नव्हता. आणि अर्धी भिंत कुणीच करत नसे. चुना स्वस्त, हात घरचे, मग अख्खी खोलीच काढायची.

ती निळीची पुडी म्हणजे शेतातली नीळ नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. ती अल्ट्रामरीन. हा निळा रंग पूर्वी अफगाणिस्तानातल्या खाणींमधला लाजवर्द दगड कुटून काढत आणि तो फार महाग पडे. १८२४ साली फ्रान्समध्ये एका संस्थेने जाहीर केलं, की जो कुणी हा रंग कारखान्यात स्वस्तात बनवील त्याला ६,००० फ्रँक बक्षीस. १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळालं. राजेमहाराजांच्या चित्रांतला रंग त्यानंतर धोब्याच्या बादलीत आणि चाळीतल्या पिंपात आला. आणि चुन्यात तो टिकतो, हा त्याचा मोठा गुण. चुना जहाल असतो, बरेच निळे रंग त्यात मरतात; अल्ट्रामरीन मरत नाही. वडिलांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण पुडी बरोबर निवडली होती.

आणखी एक गंमत. आमच्या चाळीपासून गायवाडी काही लांब नाही. त्या गायवाडीतल्या एका गॅरेजमध्ये १९४२ साली चार मित्रांनी रंग बनवायला सुरुवात केली होती. चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. दुसरं महायुद्ध चालू होतं, बाहेरून येणारा रंग थांबला होता. देशात रंगाचे कारखाने तोवर थोडेच. हावड्याला शालिमार १९०२ पासून होता, लोअर परळला १९२० मध्ये सुरू झालेला गॅहॅगन नावाचा कारखाना होता, तोच पुढे नेरोलॅक झाला. गॅरेजमधल्या त्या चौघांच्या उद्योगाचं नाव एशियन पेंट्स. हातात ब्रश आणि डबा घेतलेला, कपाळावर झुलपं आलेला गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी १९५४ मध्ये काढला. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात त्याची पाटी होती. शाळेत जाताना आम्ही त्याला टाटा करायचो. त्याच्या डब्यातला रंग खोलीला लावायची मात्र आमची ऐपत नव्हती.

डिस्टेंपर आला तो माझ्या लग्नानंतरच्या घरात. तेव्हाची पद्धत अनेकांना आठवत असेल. दुकानातून पांढरा डबा आणायचा, वर स्टेनरच्या छोट्या बाटल्या. रंगारी बादलीत पांढरा घेई, त्यात पिवळ्याचे थेंब, थोडा लाल, किंचित काळा, काठीने ढवळून बोट बुडवे आणि भिंतीच्या कोपऱ्यात टिकला लावून चहा प्यायला जाई. मला वाटायचं, आळशी आहे. तो टिकला वाळण्याची वाट बघत असे. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे असतात, म्हणून ओल्यावर कधी निर्णय घ्यायचा नाही. आल्यावर बघे, मग म्हणे, “पिवळा अजून एक थेंब.” असं तीन-चार वेळा. आपल्या लॉबीचा पहिला क्रीम बिल्डरच्या माणसांनी असाच बादलीत हाताने लावलेला होता. कुठल्या शेड कार्डावर तो नव्हताच.

आता आठ वर्षांनंतरची गोष्ट. २०१३ मध्ये माझा भाचा रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला लागला. एकदा त्याने आम्हाला त्याचं काम दाखवायला नेलं. टेबलावर करड्या रंगाचं एक उघडं कपाट होतं, आत वर निरनिराळे दिवे. त्याने त्यात दोन पट्ट्या ठेवल्या, दोन्ही एकाच बिस्किटी रंगाच्या. म्हणाला, “मावशी, फरक सांग.” मी म्हटलं, काही फरक नाही. त्याने एक बटण दाबलं, दिवसाच्या उजेडाचा दिवा गेला आणि पिवळा बल्ब लागला. एक पट्टी गुलाबी झाली, एक हिरवी. मी तिथल्या स्टुलावर बसलेच. “दुपारी बघा ना ताई,” हे वाक्य मला आठ वर्षांनी ऐकू आलं.

भाच्याने त्याला मेटामेरिझम म्हणतात असं सांगितलं. ते मला लगेच समजलं नाही. पुढे नोटाबंदीच्या वेळी समजलं, तर तसंच सांगते. समजा दोघांच्या पाकिटात प्रत्येकी हजार रुपये आहेत. एकाकडे पाचशेच्या दोन नोटा, दुसऱ्याकडे शंभरच्या दहा. बेरीज सारखी. आपला डोळा फक्त बेरीज बघतो, नोटा मोजत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या नोटा बाद झाल्या आणि एकाच रात्रीत एक जण हजारवाला राहिला, दुसरा रिकामा. रंगाचंही तसंच. बादलीतला क्रीम एका तऱ्हेच्या रंगद्रव्यांचा, मशीनमधला दुसऱ्याच. दिवसाच्या उजेडात दोघांची बेरीज सारखी येत होती. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो, तांबडा-पिवळा भरपूर. म्हणजे काही नोटा बाद, काहींना जास्त भाव. बेरीज बदलली. पेंटरने डब्यात काही मिसळलं नव्हतं. आम्ही दिवा बदलला होता.

भाच्यानेच मला मग शेव्रलची गोष्ट सांगितली आणि ती ऐकल्यापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. मिशेल यूजीन शेव्रल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ. चरबी आणि साबण यांवरच्या कामामुळे तो आधीच नावारूपाला आला होता. १८२४ साली त्याला पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकामाच्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख नेमलं. तिथे राजवाड्यांच्या भिंतींवर टांगायचे मोठमोठे चित्रपट विणले जात. आल्याआल्या त्याच्यापुढे तक्रारी आल्या. त्यातली एक अशी, की निळ्या आणि जांभळ्या कापडाच्या चुण्या दाखवायला जो काळा धागा वापरतात, तो पुरेसा काळा नाही, मरगळलेला दिसतो. दोष अर्थातच रंगाऱ्यांवर. कुणीही हेच म्हणालं असतं.

शेव्रलने काय केलं, तर आधी तपासलं. ठिकठिकाणच्या नावाजलेल्या कारखान्यांतून काळ्या लोकरीचे नमुने मागवले आणि आपल्या धाग्याशेजारी ठेवून पाहिले. आपला काळा कुठेही कमी नव्हता. मग तोच धागा निळ्याशेजारी ठेवला, तर तो फिका दिसायला लागला. दोष रंगाच्या कढईत नव्हता, शेजारात होता. निळ्याच्या शेजारी ठेवलेल्या काळ्यावर डोळा स्वतःहून निळ्याच्या उलट रंगाची, नारिंगी झाक चढवतो आणि काळ्याचा जोर जातो. दोन रंग एकमेकांना लागून आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. यावर त्याने पुढची कित्येक वर्षं काम केलं आणि १८३९ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. चित्रकारांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. माणूस १०२ वर्षं जगला, आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचं नाव आहे. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुस्तकाच्या आधीचं. तक्रार आल्यावर त्याने रंगाऱ्यांचा पगार थांबवला असं कुठे वाचलं नाही.

‘ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत’ याचा अर्थ यात आहे. सलग भिंतीवर दोन क्रीम एकमेकांना चिकटून आले की अगदी बारीक फरकही रेघेसारखा उठतो. मध्ये कोपरा आला की दोन्ही भिंतींवर उजेडच वेगळा पडतो, डोळा म्हणतो, उजेडाचा फरक असेल, आणि गप्प बसतो. पेंटर काम वाढवत नव्हता.

मशीनबद्दलही थोडं सांगते, कारण आमचा सगळा भरवसा त्याच्यावर होता. रंग आकड्यांत मांडायची जी पद्धत आज जगभर आहे, ती १९३१ साली ठरली. त्यासाठी सर्वसाधारण माणसाचा डोळा कसा बघतो हे आधी मोजावं लागलं. ते इंग्लंडमध्ये दोघांनी वेगवेगळं मोजलं, राइट यांनी १० जणांवर आणि गिल्ड यांनी ७ जणांवर. म्हणजे १७ माणसांच्या डोळ्यांवर सगळ्या जगाचे रंग मोजले जातात. आपल्या एजीएमला २० चा कोरम लागतो, तोही भरला नसता! त्याच वर्षी कुबेल्का आणि मुंक यांनी रंगाच्या थरातून उजेड किती परत येतो, किती शोषला जातो याचं गणित मांडलं. १९५८ मध्ये अमेरिकेत या गणितावर चालणारं एक यंत्र निघालं, त्याचं नाव ‘कॉमिक’. आपल्याकडे दुकानातली मशीन आली ती नव्वदच्या दशकात. मशीन खोटं बोलत नाही. पण त्याच्या पोटात ठरावीक रंगद्रव्यं असतात आणि तुमच्या भिंतीत जी आहेत ती त्यात असतीलच असं नाही. ते बेरीज जुळवून देतं, नोटा नाही. आणि त्याला जेवढा पोपडा दिला तेवढाच ते वाचतं. आमच्या पोपड्यावर चार वर्षांची धूळ, उदबत्तीचा धूर, येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात, सगळं होतं.

शिवाय आम्ही जुन्या डिस्टेंपरशेजारी नवीन इमल्शन लावलं. डिस्टेंपर खडूसारखा कोरडा, इमल्शनला किंचित चमक. समोरून दोन्ही सारखे दिसले तरी बाजूने बघितलं की चमक फरक सांगते. म्हणून वर मी तिरक्या नजरेने बघा म्हटलं. वर ब्रश, खाली रोलर, तिथेही पोत वेगळा. खालचं प्लास्टर नवीन, रंग जास्त पिणारं. आणि वेळ. वेळेचं तर काही करताच येत नाही, कारण भिंत एका जागी थांबतच नाही. फोटोच्या मागची भिंत उजळ राहते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ऑइल पेंटचं उलटं. पांढरा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो. कपाट सरकवल्यावर मागची चौकट बघा, उजेडातल्या चौकटीपेक्षा ती पिवळी असेल. म्हणजे आज तंतोतंत जुळवलं, तरी पाच वर्षांनी दोन्ही आपापल्या वाटेने गेलेले असणार. घरी भिंतीचा तुकडा रंगवायची वेळ आलीच, तर त्याच डब्यातला उरलेला रंग बंद करून ठेवा, डब्यावर खोलीचं नाव आणि तारीख घाला, आणि नमुना दिवसा एकदा, रात्री घरच्या दिव्यात एकदा बघा. हे आमच्या चुकीतून आलेलं शहाणपण आहे, फुकट घ्या.

आपल्या पट्ट्याचं पुढे काय झालं तेही सांगते. वायरिंग झालं, ट्यूबलाइट लागल्या आणि पट्टा बराच विरला. काही जण म्हणालेही, “अरे, आता तर दिसत नाही.” मग सीएफएल आले, पुन्हा थोडा दिसायला लागला. एलईडी लावले तेव्हा अजून वेगळा. दर दिव्यागणिक तो येतो, जातो. पैसे मात्र थांबलेलेच. मी पूर्ण बिल खर्चात धरलं होतं, त्यामुळे १,८०० रुपये ताळेबंदात देणे म्हणून राहिले. दरवर्षी ऑडिटर विचारायचे, “हे जुनं देणं किती वर्षं ओढणार? उत्पन्नात घ्या.” आधी मी, ठराव आहे म्हणून ठेवलं. २०१३ नंतर मी, आमची चूक आहे म्हणून ठेवलं. २०१४ मध्ये खजिनदारपद सोडताना पुढच्यांना हात जोडून सांगितलं, एवढी ओळ काढू नका. त्यांनी काढली नाही, त्यांचे आभार. मी स्वतः त्याला शोधायला नाक्यावर दोन-तीनदा सकाळी गेले होते, जिथे पेंटर, गवंडी डबे-ब्रश घेऊन कामाची वाट बघत उभे असतात. कुणी म्हणालं गावी गेला, कुणी म्हणालं पनवेलला काम करतो. भेटला नाही.

एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण गेल्या महिन्यात रौप्यमहोत्सवासाठी नवीन नोटीस बोर्ड बसवायचा म्हणून जुना काढला. तो काढताना मी योगायोगाने लॉबीत होते. बोर्डाच्या मागे, जुन्या रंगावर, तीन बोटं रुंदीचे दोन चौकोन रंगवलेले आणि खाली पेन्सिलीने १ आणि २ असे आकडे. एक जरा पिवळट, दुसरा त्याहून जवळचा. त्यांच्या शेजारी नुसताच ३ लिहिलेला, वर चौकोन नाही. मला वाटलं, तिसरा लावायचा राहिला असेल. सुतार म्हणाला, “आजी, आहे की. बोट लावून बघा.” बोट फिरवलं तर कड लागली. चौकोन होता, दिसत नव्हता. मी रात्री एलईडीत पुन्हा येऊन बघितला. घरातून जुना पिवळा बल्ब शोधून, वायर लावून त्याखाली बघितला. तिन्ही उजेडांत दिसत नव्हता.

मग आठवलं. दिवाळीनंतर तो एकदा आला होता. हातात छोटा डबा, काही बाटल्या. वॉचमनने वर फोन केला, की पेंटर आलाय, नमुने लावलेत म्हणतो, उद्या वाळल्यावर दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा बघून एक नंबर सांगा. मी म्हटलं होतं, “बघू नंतर.” भिंत नुकतीच रंगवलेली, डाग दिसायला नकोत म्हणून त्याने बोर्ड उचलून मागे नमुने लावले असणार. आम्ही कुणीही बघितलं नाही. तो पुन्हा आला असेल, नसेल, वॉचमनही नंतर बदलला.

या महिन्यात लॉबीची सगळी भिंत नवीन होते आहे, यावेळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. चार फुटांवरची रेघ जाईल. नवीन बोर्ड जुन्याच जागी बसणार आहे आणि त्याच्या मागचा दीड बाय दोन फुटांचा भाग न रंगवता तसाच ठेवायला कमिटीने मान्यता दिली आहे. कुणाला बघायचा असेल तर बोर्ड खालून उचलला जाईल अशी बिजागरी लावायला सांगितली आहे.

आता एक विनंती. २००५ च्या दिवाळीत याच पेंटरने आपल्या इमारतीतल्या तीन-चार घरांत आतलं कामही केलं होतं. ‘बी’ विंगमध्ये नक्की दोन घरांत. जुन्या डायऱ्या, बिलबुकं, लग्नाच्या आमंत्रणांच्या याद्या यांत कुठे त्याचा नंबर किंवा गावाचा पत्ता लिहिलेला असेल, तर कृपा करून मला किंवा सध्याच्या खजिनदारांना कळवा. व्हाउचर तयार आहे. तारीख तेवढी घालायची राहिली आहे.